७ बाय ३ ची बाल्कनी, दोनदा झाडं मेली, आता सुरुवात नेमकी कुठून करू?

अंगणवेल | २४ सप्टेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच लिहितेय. आम्ही डोंबिवलीला राहतो, तिसरा मजला, वन बीएचके. हॉलला लागून छोटी बाल्कनी आहे, ७ फूट बाय ३ फूट असेल, पुढे कठडा आणि त्यावर ग्रिल, त्यातही एका कोपऱ्यात वॉशिंग मशीन. माझं माहेर संगमेश्वरकडचं, तिथे मागच्या दारी न्हाणीच्या पाण्यावर अळू, केळी, पडवळ सगळं आपापलं वाढायचं, कोणी मुद्दाम काही करताना मी बघितलंच नाही, त्यामुळे मला वाटलं चार कुंड्या तर आहेत, जमतील.

मार्चमध्ये आधी कोथिंबीर लावली, डब्यातले धणे घेतले आणि पेरले, पंधरा दिवस वाट बघितली, एकही उगवला नाही. मग जूनमध्ये पहिला पाऊस पडला तेव्हा नर्सरीतून दोन टोमॅटो, दोन मिरच्या, एक गुलाब आणि एक कढीपत्ता आणला. ८ इंची प्लास्टिकच्या कुंड्या, नर्सरीतलीच लाल माती, कठड्याला लागून ओळीने ठेवल्या आणि रोज सकाळी न चुकता पाणी. टोमॅटो नुसते उंच उंच गेले, दोरीसारखे बारीक, ३ फूट झाले पण एक फूल नाही, मग खालून पिवळे पडत गेले आणि संपले. मिरच्यांची पानं वाकडी होऊन गळली. गुलाबाला नर्सरीतून आलेल्या दोन कळ्या तेवढ्या फुलल्या, आता काड्या उरल्यात. कढीपत्ता जून मध्ये होता तसाच आहे, मेला पण नाही वाढला पण नाही.

मुलगी ७ वर्षांची आहे, ती रोज शाळेतून आली की आधी बाल्कनीत जाऊन बघायची, टोमॅटो उपटून टाकले त्या दिवशी ती काही बोलली नाही पण मला फार वाईट वाटलं. सासूबाई म्हणतायत कुंड्या काढून टाक, डास होतात. मला काढायच्या नाहीयेत. एकदा तरी तिला तिच्या हाताने लावलेलं काहीतरी खायला मिळावं एवढंच आहे.

बाल्कनी दक्षिणेला आहे. समोर बिल्डिंग आहे पण मध्ये रस्ता आहे. ७००-८०० रुपयांच्या वर खर्च आत्ता नको वाटतो. काय लावू, कशात लावू, माती कोणती, सगळंच सांगा प्लीज.

मातीतला | २५ सप्टेंबर, सकाळी ७:१५

ताई, तुमचं काही फार चुकलेलं नाही, महिना चुकलाय. नीट सांगतो, थोडं लांबेल.

आपल्याकडे दक्षिणेची बाल्कनी म्हणजे वर्षभर ऊन असं लोक समजतात, तसं नसतं. पेपरात दरवर्षी शून्य सावली दिवसाची बातमी येते बघा, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो दिवस, मुंबई ठाण्याकडे तो मेच्या मध्याला येतो आणि परत जुलैच्या शेवटाला. त्या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारी सूर्य आपल्या डोक्याच्याही उत्तरेला असतो. म्हणजे जूनमध्ये तुमच्या बाल्कनीत ऊन येणंच शक्य नाही, वर स्लॅब, त्यात ढग. टोमॅटोला रोज सहा तास ऊन लागतं, ते मिळालं नाही म्हणून ते उजेड शोधत लांबत गेले. दोरीसारखं बारीक लांब खोड आणि दोन पानांमध्ये जास्त अंतर ही उन्हाच्या उपासमारीची खूण आहे, तिला खत घालून काही फायदा होत नाही.

आता चांगली बातमी. सप्टेंबर संपला की सूर्य दक्षिणेकडे कलतो, डिसेंबरमध्ये तर दुपारी बारा वाजता सुद्धा तो इतका खाली असतो की ऊन स्लॅबच्या खालून थेट तुमच्या हॉलमध्ये येईल. म्हणजे आत्तापासून पार होळीपर्यंत तुमची बाल्कनी सोन्यासारखी आहे. पालेभाजीला हाच हंगाम.

कोल्हापूरला श्री. अ. दाभोळकर होते, गणिताचे शिक्षक, त्यांनी स्वतः प्रयोग करून शिकणाऱ्या शेतकऱ्यांचा 'प्रयोग परिवार' उभा केला. माझे वडील त्यांचं खूप मानायचे. त्यांचा सगळा भर यावर की झाडाचं अन्न पानात उन्हामुळे बनतं, तेव्हा आधी आपल्या जागेत ऊन किती पडतं ते मोजा. मी २० वर्षं हेच करतोय, अजून एकदाही ऊन न बघता रोप आणलेलं नाही.

तेव्हा या रविवारी एक काम करा. काहीही विकत आणू नका. सकाळी ८ पासून दर तासाला बाल्कनीत जा आणि तीन ठिकाणी ऊन आहे का नाही ते कागदावर लिहा, कठड्याच्या उंचीला, कठड्याच्या पायाशी जमिनीवर, आणि दाराजवळ. मुलीला करायला द्या, आवडेल तिला. मग बोलू.

पुणेरी_गच्ची | २५ सप्टेंबर, दुपारी १:०५

उन्हाबद्दल वर बरोबर सांगितलंय, मी मातीचं बोलतो कारण नुसती लाल माती कुंडीत भरणं ही जवळपास सगळ्यांची पहिली चूक असते. जमिनीत ती चालते, कुंडीत दोन महिन्यात विटेसारखी घट्ट होते, पाणी एकतर वरून कडेकडेने निघून जातं नाहीतर तळाशी साठून राहतं, मुळांना हवा मिळत नाही. वर तुम्ही पावसाळ्यात रोज पाणी घातलंत. पानं खालून पिवळी पडणं बऱ्याचदा याचंच असतं.

मिश्रण सोपं आहे, एक पाटी माती, एक पाटी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुगा), एक पाटी गांडूळखत किंवा चांगलं कुजलेलं शेणखत, त्यात दोन मुठी निंबोळी पेंड. तुमच्या जुन्या कुंड्यांमधली लाल माती फेकू नका, गच्चीत नेऊन दोन दिवस कडक उन्हात पसरा, ढेकळं फोडा, जुनी मुळं काढा, तीच वापरा, माती विकत घ्यायची गरज नाही. कोकोपीटची ६५० ग्रॅमची वीट मिळते ती भिजवली की ८-९ लिटर होते, दोन विटा पुरतील. पण भिजवल्यावर ते पाणी पिळून टाका आणि परत एकदा साध्या पाण्याने धुवा, त्यात बऱ्याचदा खार असतो, मी पहिल्या वर्षी तसंच वापरलं आणि पालकाच्या पानांच्या कडा करपल्या.

वजनाचा पण विचार करा हो. १२ इंची कुंडी नुसत्या ओल्या मातीने भरली तर सहज २० किलोच्या वर जाते, अशा आठ कुंड्या एका ओळीत बाल्कनीच्या बाहेरच्या टोकाला म्हणजे स्लॅबवर उगाच भार. कोकोपीट आणि कंपोस्टने ते बरंच कमी होतं. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कँटीनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी कँटीनच्या ओल्या कचऱ्यातून जी बाग केली ती बघितली तर कळतं, अगदी थोड्या मातीत, बहुतेक कुजलेल्या पालापाचोळ्यात झाडं किती जोमाने येतात.

भांडं म्हणाल तर पालेभाजीला कुंडी कशाला पाहिजे, मच्छीबाजारात थर्माकोलचे खोके मिळतात, ३०-४० रुपयांत देतात, कधी कधी फुकट. दोन दिवस साबणाच्या पाण्याने धुवून वाळवा, वास जातो. तळाला स्क्रू ड्रायव्हरने ८-१० भोकं पाडा (तापवलेल्या सळीने पाडू नका, थर्माकोलचा धूर घातक असतो) आणि भोकांवर नारळाच्या शेंड्या अंथरा म्हणजे माती वाहून जाणार नाही. टोमॅटोला मात्र २० लिटरचा रंगाचा डबाच लागतो, ८ इंची कुंडीत टोमॅटो नीट होत नाही.

अंगणवेल | १ ऑक्टोबर, रात्री ९:३०

मोजलं! लेकीने खडूने खुणा केल्या, अजून पुसू देत नाहीये.

कठड्याच्या उंचीला पावणेदहाला ऊन आलं ते दुपारी सव्वादोन पर्यंत, मग समोरच्या बिल्डिंगची सावली आली. म्हणजे साडेचार तास. दाराजवळ जमिनीवर साधारण तीन तास. आणि कठड्याच्या पायाशी जिथे माझ्या कुंड्या होत्या तिथे जवळपास ऊन पडलंच नाही!! भर दुपारी पण कठड्याची सव्वा फूट सावली त्यांच्यावर. चार महिने मी तिथे ठेवून रोज पाणी घालत होते. कोणी सांगितलंच नव्हतं आणि मला पण डोळ्यासमोर असून दिसलं नाही.

मातीतला | २ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

वा, आता हातात खरी माहिती आली. साडेचार तास म्हणजे सगळ्या पालेभाज्या, पुदिना आरामात. डिसेंबरपर्यंत ऊन अजून खाली उतरेल पण समोरच्या बिल्डिंगची सावली पण लांबेल, म्हणून पंधरा दिवसांनी परत मोजा. टोमॅटो या वर्षी एकच लावा आणि तो पण चेरी टोमॅटो, मोठ्या टोमॅटोला हे ऊन कमी पडेल. गुलाब कुणाला तरी उन्हाच्या जागेवाल्याला देऊन टाका, त्याचं पण भलं होईल.

खोके कठड्याच्या उंचीला आणा, जुना स्टूल, प्लास्टिकचं क्रेट उलटं करून, काहीही चालेल, पण कठड्यावर किंवा ग्रिलच्या बाहेर एकही कुंडी ठेवू नका, तीन मजल्यांवरून खाली कुणाच्या डोक्यात पडली तर विचार करवत नाही. सगळं ग्रिलच्या आत.

कढीपत्त्याला आत्ता हात लावू नका. थंडीत तो झोपूनच असतो. फेब्रुवारीच्या शेवटी नवीन पालवी दिसली की १२ इंची कुंडीत हलवा आणि शेंडा खुडा, मग फांद्या फुटतील.

कोकणकाकू | २ ऑक्टोबर, सकाळी ११:२०

अंगणवेल, तू संगमेश्वरची म्हणालीस म्हणून मुद्दाम लिहायला बसले, मी चिपळूणची, आता ३० वर्षं बोरिवलीला. लेकीला खायला मिळावं म्हणतेस ना मग टोमॅटो मिरची बाजूला ठेव, पहिली मेथी लाव. मेथी कोणालाच निराश करत नाही गं. मुंबईत मंडईत त्या छोट्या छोट्या जुड्या मिळतात ना समुद्रमेथीच्या, पांढरे देठ, मुळांना वाळू लागलेली, ती समुद्राकाठच्या वाळूत वाढवतात, म्हणजे बघ मेथीला किती कमी लागतं.

डब्यातले मेथीदाणे वाटीभर घे, रात्री भिजत घाल, सकाळी उपसून फडक्यात बांधून ठेव, संध्याकाळपर्यंत त्यांना इवलंसं पांढरं टोक आलेलं दिसतं. खोक्यात ५-६ इंच माती पुरे. ती आधी ओली कर, मग दाणे लेकीला पसरायला सांग, दाट चालतील पण एकावर एक नकोत. वर बोटाच्या अर्ध्या पेराएवढी मातीची भुरभुर आणि त्यावर वर्तमानपत्राचा एक ओला कागद. तिसऱ्या दिवशी कागद थोडा उचललेला दिसेल, खालून रोपं ढकलतात तो. तेव्हा लगेच काढ हं, एक दिवस जरी उशीर झाला तर देठ पिवळे लांब होतात. पाणी तांब्याने ओतायचं नाही, बिसलरीच्या बाटलीच्या झाकणाला सुईने भोकं पाड आणि त्याने शिंपड. २५-३० दिवसांत कापायला येते. उपटू नकोस, खालची दोन पानं ठेवून कात्रीने काप, परत एकदा फुटते.

तुझे धणे का उगवले नाहीत ते सांगते. एक तर मार्चच्या उकाड्यात कोथिंबीर रुसते, तिला गारवा लागतो, आणि दुसरं म्हणजे अख्खा धणा पेरलास. त्या एका धण्यात दोन बिया असतात. पोळपाटावर ठेवून वरून वाटीने किंवा चपलेने हलकेच रगडायचं, दोन फाका झाल्या पाहिजेत, चुरा नको. मग रात्रभर भिजवून पेर. मेथीसारखी घाई नको करूस, कोथिंबिरीला उगवायला ८-१० दिवस लागतात, कधी १२ पण, तोवर माती ओलसर ठेवायची आणि उकरून बघायचं नाही. आणि डब्यातले धणे जुने असतील तर येणार नाहीत, यंदाचे नवीन घे.

पुदिना तर विकत आणलेल्या जुडीतलाच. पानं चटणीला काढ, जाड देठ पाण्याच्या ग्लासात ठेव, आठवड्यात मुळं सुटतात. फक्त त्याला वेगळा डबा दे, तो शेजाऱ्याच्या जागेत घुसतो. वॉशिंग मशीनच्या बाजूच्या सावलीत अळूचा एक कंद खोचून दे, माहेरची आठवण राहील.

सासूबाईंचं डासांचं म्हणणं मात्र बरोबर आहे, ते मनावर घे. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साठलं की आठवड्याभरात डेंग्यूचा डास तयार होतो. ताटल्यांत वाळू भर किंवा ताटल्याच काढून टाक आणि खाली जुनं सतरंजीचं फडकं ठेव.

पुणेरी_गच्ची | २ ऑक्टोबर, रात्री १०:१०

काकूंनी सगळंच सांगितलं. एक राहिलं, पाणी रोज ठरलेल्या वेळी घालायचं हे डोक्यातून काढा. मातीत बोट दोन पेरं खुपसा, आत कोरडं लागलं तर घाला, गार ओलं लागलं तर आज सुट्टी. मेथी उगवेपर्यंत तेवढी वरची माती ओली ठेवायची.

कबुतरं येतात का तुमच्याकडे? येत असतील तर पेरल्या दिवशीच खोक्यावर जाळी टाका, उद्या टाकू म्हणालात तर उद्या दाणे नसतात. मिरचीवर पांढरा कापसासारखा चिकट मिलीबग दिसला की जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात बुडवून घासून काढा, मग लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि दोन थेंब भांड्याचा साबण असं संध्याकाळी फवारा, उन्हात फवारू नका पानं जळतात. वाकडी झालेली पानं म्हणालात ती बहुतेक फुलकिडे किंवा पानातला रस शोषणारी बारीक कोळी कीड, तेव्हा नवीन रोप आणलं की आठ दिवस बाकीच्यांपासून लांब ठेवून पानं उलटी करून बघत जा.

जानेवारीत २६ तारखेच्या आसपास पुण्यात एम्प्रेस गार्डनला पुष्पप्रदर्शन असतं, मुंबईत राणीच्या बागेत पण जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला भरतं, लेकीला घेऊन जा, कुंड्यांमधल्या भाज्या बघायला मिळतील.

अंगणवेल | २ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:४५

आज कापली मेथी!!

६ ऑक्टोबरला पेरली होती. काकू, तुम्ही म्हणालात तसंच झालं, तिसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जायच्या आधी लेक ओरडली, आई कागद वर आलाय! कडेने बघितलं तर खाली सगळे इवले इवले देठ वाकून कागदाला टेकलेले, काहींच्या डोक्यावर दाण्याचं साल टोपीसारखं तसंच. ती सालं ती एकेक करून काढत बसली, शाळेची बस चुकली त्या दिवशी, पण मी काही बोलले नाही.

दोन खोके होते, एका खोक्यात मधोमध पाणी जास्त झालं म्हणून मूठभर रोपं आडवी पडली, तेवढी गेली. बाकीची सगळी आली. दोन्ही मिळून मोठ्या जुडीएवढी झाली. सासूबाईंनी स्वतः निवडली, लसूण मिरचीची फोडणी देऊन मूगडाळ घालून भाजी केली, एरवी मेथी ताटात कडेला सारणारी माझी मुलगी आज दोनदा मागून जेवली. ताटल्या सगळ्या काढून टाकल्यात त्यामुळे सासूबाईंची डासांची तक्रार पण नाही, उलट काल त्याच विचारत होत्या अळूला पान कधी येणार.

कोथिंबीर दहाव्या दिवशी आली, आता बोटभर आहे. पुदिना लागलाय. चेरी टोमॅटोचं रोप वीतभर झालं, यावेळी खोड जाड आहे आणि पानं जवळजवळ आहेत, आधीच्यांसारखं लांबलेलं नाही. खर्च ५२० रुपये झाला सगळा, जाळी धरून. ऊन परत मोजलं, अर्धा तास वाढलंय.

आता एकच विचारायचं होतं, दुसऱ्यांदा फुटून कापून झाली की त्याच खोक्यात परत मेथी पेरू का माती बदलायला लागेल? लेकीने दाणे आत्ताच भिजत घातलेत, मी थांब म्हणाले तर ऐकत नाहीये.

कोकणकाकू | २ नोव्हेंबर, रात्री ८:३०

डोळे भरून आले गं वाचताना. भिजवलेत तर भिजवू दे, पण या खोक्यातली मेथी अजून एकदा फुटायचीये, तिला ठेव. हे दाणे एखाद्या रिकाम्या ८ इंची कुंडीत पेरा. पुढच्या महिन्यात हे खोके रिकामे झाले की मुळं उपटून काढू नकोस, मातीतच बारीक कर, मेथीची मुळं मातीला चांगली असतात. वर दोन मुठी गांडूळखत मिसळ, आठ दिवस तशीच ओलसर ठेव आणि तिथे यावेळी पालक किंवा लाल माठ टाक, मेथी दुसऱ्या खोक्यात हलव. माती बदलायची काही गरज नाही. आणि अळूला थंडीत पान उशिरा येतं असं सासूबाईंना सांग, कंद उकरून बघू नका म्हणावं.